कापसाआडची ऊब

देवकाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या शिष्यिणीनं कुंची लपवून ठेवली. सारं घर धुंडलं. देत नाई म्हणते."

शिष्यीण म्हणजे त्यांची नात रुखमा. शाळेतून मी निवृत्त झालो होतो, पण संध्याकाळी गावातली पोरं पाट्या घेऊन माझ्या ओट्यावर बसत, त्यात ती असे. सात वर्षांची, बोलायला कमी, आणि एकदा ऐकलेलं न विसरणारी.

कुंची लाल खणाची होती. बाळाच्या डोक्यावरून पाठीवर उतरणारी, कडेला जरीची पट्टी लावलेली. देवकाबाईंनी ती दोन वर्षांपूर्वी शिवली होती. त्या वर्षी त्यांची सून सुंदरा बाळंतपणाला देवळीला माहेरी गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. आमच्याकडे असं काही झालं की लहान पोरांसमोर त्याचा उच्चार करत नाहीत. रुखमाला सांगितलं, बाळ दवाखान्यात आहे, मोठं झालं की घरी येईल. पोरं विसरून जातात, असा सगळ्यांचा समज. रुखमा किती तरी महिने पुलगावहून येणाऱ्या लहान आगगाडीच्या वेळेला आमच्या रोहण्याच्या फलाटावर जाऊन उभी राहत असे. मग एक दिवस तिनं जाणं सोडलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

आता ८४ सालच्या जानेवारीत सुंदरा पुन्हा बाळंत झाली होती, दिवस भरायच्या फार आधी, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. मुलगा इतका लहान होता की त्याला कापसात गुंडाळून दिव्याखाली ठेवलं होतं. तिचा नवरा आनंदराव शेतातली कापसाची वेचणी सांभाळून वर्ध्याला जाऊन-येऊन होता. थंडी वाढली तशी सुंदरेनं निरोप पाठवला, घरची कुंची पाठवा. आणि घरातल्या सगळ्यांनी रुखमाला सांगितलं, तुझा भाऊ दवाखान्यात आहे, मोठा झाला की घरी येईल.

तेच वाक्य.

"तुमचं ऐकते ते," देवकाबाई म्हणाल्या. "एक शब्द सांगा तिले."

रुखमा दाराच्या चौकटीला टेकून उभीच होती. मी तिला जवळ बोलावलं. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"गुरुजी, तुमी पाह्यला त्याले?"

"नाई, बेटा. मी नाई पाह्यला."

"आजीनं?"

देवकाबाई म्हणाल्या, "अवं, मी कधी जाऊ? घरी गायी-ढोरं कोन पाहीन? तुह्या बाबानं पाह्यला ना!"

"बाबानं मांगच्या खेपेले बी पाह्यला होता," रुखमा म्हणाली आणि पाटी घेऊन निघून गेली.

देवकाबाई माझ्यावर रागावल्या. "हाय म्हटलं असतं तं तुमचं काय जात होतं?"

"माझं काही गेलं नसतं," मी म्हटलं. "तिचं गेलं असतं. अजून एक मानूस कमी झाला असता तिच्या भरवशाचा."

त्या आठवड्यात ओमप्रकाश संक्रांतीसाठी गावी आला. हा माझा जुना विद्यार्थी. हैदराबादेहून मोठाले फुगे आकाशात सोडतात आणि त्यांना दुर्बिणी टांगतात, तिथे तो यंत्रं जुळवण्याचं काम करी. गावात त्याचं नाव फुगेवाला पडलं होतं. "एम्मेस्सी झाला अन् फुगे इकाले लागला," असं त्याचा काकाच पारावर सांगे. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी पोरांशी बोल.

तो दिवस मावळायच्या आधीच आला. पोरं गोळा झाली. नत्थूजींचा किसना सगळ्यांत पुढे बसला आणि त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "भाऊ, फुगा फुटला तं?"

"तं दुर्बीण छत्रीनं खाली येते, अन् आमी जीप घेऊन तिच्या मांगं पळतो. एकदा तुरीच्या वावरात सापडली. शेतकरी म्हणे, पहिले माही तूर भरून द्या."

पोरं हसली. रुखमा हसली नाही, पण ऐकत होती.

"पन फुग्यानं वर काऊन नेता? आपल्या गच्चीवरून नाई दिसत?" किसनानं विचारलं.

"आमाले तारे पाहाचे नसतात. जे दिसतात ते तं तुमी बी पाह्यता. आमी जे दिसत नाईत ते शोधतो." ओमप्रकाश मांडी घालून बसला. "तारा काही पहिल्यापासून तारा नसतो. आकाशात वायूचे अन् धुळीचे मोठाले ढग हायेत. काळे, थंडगार. त्या ढगाचा एखादा भाग आपल्याच वजनानं आत गोळा व्हाले लागते. दाबला जाते, तसा तापते. असा हळूहळू तारा जन्मते. पन त्याच्या भोवताल ती धूळ असतेच. म्हनून जन्माच्या वेळी तो कोनालेच दिसत नाई. डोळ्यानं पाह्यलं तं निस्ता अंधार."

"मंग तो हाय, हे कसं समजते?"

हा प्रश्न रुखमानं विचारला. कुंचीच्या त्या दिवसानंतर ओट्यावर ती पहिल्यांदाच बोलली.

ओमप्रकाशनं इकडे-तिकडे पाहिलं. शेजारी आनंदरावाच्या घरात देवकाबाईंनी स्वयंपाकाला चूल पेटवली होती. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, दवानं ओली झालेली, त्यामुळे दारातून धुराचे लोट येत होते. "चला," तो म्हणाला आणि सगळी फौज घेऊन देवकाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरला.

"काय बाप्पा, इथी काय तमाशा हाय का?" आतून आवाज आला. बाई दिसत नव्हत्या.

"मावशी, पाचच मिनिटं. पोट्टेहो, चूल दिसते का?"

"नाई दिसत!" खोकत खोकत सगळे.

"डोळे मिटा. आता तोंड हळूहळू फिरवा. गालाले सांगू द्या. कुठी हाय चूल?"

डोळे मिटलेली पोरं सूर्यफुलासारखी वळत गेली आणि एकेकाचा हात बरोबर चुलीकडे उठला. किसनाचा हात तेवढा देवकाबाईंकडे उठला, त्याबद्दल त्याला फुंकणीचा प्रसाद मिळाला.

बाहेर आल्यावर ओमप्रकाशनं समजावून सांगितलं. चुलीतून दोन प्रकारचे उजेड निघतात. एक डोळ्यांना दिसतो, तो धुरात अडकतो. दुसरा दिसत नाही, तांबड्या रंगाच्याही पलीकडचा आहे तो, पण धुरातून पार होतो आणि गालाला ऊब म्हणून कळतो. ताऱ्यांचंही तसंच. धुळीत लपलेला कोवळा तारा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची ऊब धुळीतून बाहेर येते, आणि त्यानं तापलेली धूळही स्वतः ऊब देऊ लागते. त्यांची दुर्बीण म्हणजे एक मोठा गाल आहे. आपल्या हवेतली वाफ ती ऊब मध्येच पिऊन टाकते, म्हणून तो गाल फुग्यानं हवेच्या वर न्यावा लागतो.

"अन् गाल थंड पाहिजे," तो म्हणाला. "माय ताप पाहाले हात लावते, तो चुलीवरून उठून लावला तं ताप समजते का? नाई समजत. म्हनून आमी आमच्या यंत्राचा डोळा बर्फाच्याही किती तरी पट थंड ठेवतो."

तेवढ्यात देवकाबाईंनी गरम भाकरींची चवड फडक्यात बांधून बाहेर ठेवली आणि ओमप्रकाशला खेळ सुचला. आमच्याकडे कापूस विकेपर्यंत घरातच भरून ठेवतात. आनंदरावाची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरली होती. पोरांना पाठ करून उभं केलं आणि त्यानं ते भाकरीचं गाठोडं कापसाच्या गंजीत कोपरभर आत खुपसलं.

"बरबाद करा माहा कापूस," देवकाबाई म्हणाल्या, पण त्याही पाहत उभ्या राहिल्या.

"जो शोधीन त्याले तीळगूळ अन् पहिली भाकर."

पोरं गंजीला गाल लावत सुटली. थोड्या वेळानं सगळ्यांनी एकाच जागी गर्दी केली, पश्चिमेच्या टिनाच्या भिंतीजवळ. "इथी हाय! इथी!" किसनानं हात घातला तर आत नुसता कापूस. दिवसभराच्या उन्हानं टीन तापलं होतं आणि तिकडचा सगळा कापूस उबदार झाला होता.

"फसले," ओमप्रकाश म्हणाला. "आमी बी असेच फसतो. हवा तापलेली असते, दुर्बीण स्वतः तापलेली असते. चहूकडून ऊबच ऊब, त्यात ताऱ्याची कोनती? मंग आमी काय करतो? दुर्बिणीतला एक बारका आरसा सारखा हालवत ठेवतो. एक डाव ढगाकडे, एक डाव बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. दोन्हीकडे जी सारखी ऊब हाय ती हवेची, यंत्राची. ती सोडून द्याची. जी उरते ती त्याची."

रुखमानं टिनाच्या भिंतीपासून पुन्हा सुरुवात केली. एका जागी गाल टेकवी, मग त्याच उंचीवर हातभर बाजूला टेकवी, मग पुन्हा पहिल्या जागी. घाई नाही. गंजीच्या मध्यावर आली तेव्हा ती थांबली. इकडे, तिकडे. पुन्हा इकडे.

"इथी थोडी उरते," ती म्हणाली.

हात घातला तर भाकरी.

दिवे लागले तसा ओमप्रकाशनं सगळ्यांना अंगणात नेलं. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलं होतं. त्याच्या पोटातल्या बाणाच्या ओळीखाली एक पुसट ठिपका दाखवत तो म्हणाला, "तो पाहा. रांगोळीचं बोट पुसल्यावानी दिसते ना? तो असाच एक मोठा ढग. मोठे, वजनदार तारे एकटेदुकटे नाई जन्मत. मोठ्या ढगात गर्दीनं जन्मतात. त्यातला एखादा दांडगा लवकर पेटते, भोवतालची धूळ उजळून टाकते, अन् आपल्याले तेवढाच दिसते. पन त्याच्या आजूबाजूले, मांगच्या काळ्या धुळीत, बारके बारके कितीतरी हायेत. ते अजून दिसत नाईत."

"बारक्याइले कोनी पाह्यते का?" रुखमानं विचारलं.

"आमी त्याच कामाले हाओत ना."

"अन् पाह्यलं, अन् तिथी काईच उरलं नाई तं?"

ओमप्रकाशला या प्रश्नामागचं घर माहीत नव्हतं. तो सरळ म्हणाला, "तं 'काई नाई' असं लिहितो. नसलं तं हाय म्हनून नाई लिहीत. मंग आमच्यावर कोन भरवसा ठेवीन?"

रुखमानं मान हलवली आणि तीळगुळाची वडी दोन तुकडे करून एक किसनाला दिला, फुंकणी खाल्ल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होतो तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, मले वर्ध्याले न्या. मले इकडे-तिकडे करून पाहाचं हाय."

मी तिला घेऊन आनंदरावाकडे गेलो. हा शांत, राबणारा माणूस. वर्ध्याहून परत आल्यावर दोन-दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्यानं आधी लेकीला गोठ्यात पाठवलं, मग म्हणाला, "लहान पोराइले आत सोडत नाईत, गुरुजी."

"विचारून पाहू."

"ते नाई." तो हाताला चिकटलेला कापूस काढत राहिला. "डाक्टर बी पक्कं सांगत नाईत. आज हाय. उद्याचं कोनाले माहीत? तिनं पाह्यला, जीव लावला, अन् मंग… त्याच्यापेक्षा न पाह्यलेला बरा."

"मागच्या खेपेला तिनं पाह्यला नव्हता," मी म्हटलं. "म्हणून तिचं दुःख कमी झालं का, आनंदराव? ती फलाटावर जाऊन उभी राहत होती."

त्याला हे ठाऊकच नव्हतं. तो सकाळी वावरात जाई तो अंधार पडता येई. त्यानं हातातला कापूस खाली टाकला आणि म्हणाला, "उद्याच्या गाडीनं जाऊ."

लहान गाडी आमची हळूहळू जाते. चढावर पोरं उतरून बोरं वेचतात आणि पुन्हा चढतात. त्या सकाळी धुकं होतं. रुखमा खिडकीशी बसली होती, गाल बाहेर काढून. आनंदरावानं दोनदा तिला आत ओढलं.

"सर्दी होईन, माय."

"गाल थंडा पाहिजे, बाबा."

तो काही समजला नाही. थोड्या वेळानं ती खिडकीबाहेरच पाहत म्हणाली, "बाबा, तो पहिला कुठी हाय?"

आनंदरावानं माझ्याकडे पाहिलं. ते उत्तर माझं नव्हतं.

"तो नाई राह्यला, माय," तो शेवटी म्हणाला. "देवळीलेच. दोन दिवस होता."

"मंग दवाखान्यात हाय असं काऊन सांगतलं?"

"मले बोलताच नाई आलं."

रुखमा वळली. बापाच्या तोंडाकडे तिनं नीट पाहिलं. मग विचारलं, "त्याले कुंची घातली होती का?"

"नाई. कुंची तं घरीच होती."

"हं," ती म्हणाली. जरा वेळानं तिनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि पुलगाव येईपर्यंत सोडली नाही. आनंदराव दुसऱ्या हातानं डोळे पुसत होता, पण मला वाटतं, त्याच्या छातीवरचा धोंडाही तिथेच कुठेतरी उतरला.

पुलगावहून बस घेऊन आम्ही वर्ध्याला पोचलो. दवाखान्यात वॉर्डच्या दाराशीच प्रमिलाबाई नावाच्या सिस्टरांनी आम्हाला अडवलं. उंच, गोऱ्या, बोलायला कडक, नागपूरकडच्या.

"लहान मुलांना आत सोडत नाही. नियम आहे. बाळांना लगेच सर्दी लागते."

सुंदरा आतून बाहेर आली. लेकीला पाहून तिनं तोंडावर पदरच दाबला. रुखमा तिच्या पोटाला बिलगली, पण डोळे उघडे ठेवून, सिस्टरांकडे पाहत.

मी म्हटलं, "बाई, नियम बरोबर आहे. पण या पोरीला मागे एकदा भाऊ आहे म्हणून सांगितलं होतं आणि तो नव्हता. आता तिचा कुणावर भरवसा नाही. ती हात लावणार नाही. एवढंच पाहील, आहे की नाही."

प्रमिलाबाईंनी रुखमाकडे पाहिलं. "खोकला आहे?"

"नाई."

"नाक वाहतं?"

"सकाळी थोडं. आता नाई."

बहुधा या खऱ्या उत्तरानंच काम केलं. सिस्टरांनी तिला नळावर नेलं, हात आणि तोंड साबणानं धुवायला लावलं, एक स्वच्छ कपडा फ्रॉकवरून बांधला. "हात मागे बांधून ठेवायचे. मी सांगेन तेव्हा बाहेर."

आत एका ओळीनं लाकडी पेट्या होत्या. प्रत्येकीच्या वर तारेत टांगलेला एक तांबडा दिवा. दाराजवळच्या पेटीतलं गुटगुटीत बाळ असं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं की साऱ्या वॉर्डचं लक्ष त्याच्याचकडे जावं. रुखमा माझ्या कानाशी म्हणाली, "हा दांडगा तारा," आणि पुढे गेली.

शेवटची पेटी सुंदरेच्या बाळाची. रुखमानं चवड्यावर उभं राहून आत पाहिलं. मीही पाहिलं. आत पांढरा, पिंजलेला कापूस होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

"हा तं कापूस हाय," ती म्हणाली.

"अवं, आत हाय तो, मी दाखवते," म्हणत सुंदरेनं हात पुढे केला, तर सिस्टरांनी तो अडवला. "आत्ताच नळीनं दूध दिलंय. उघडायचं नाही. गारठा लागेल."

रुखमाचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. तो चेहरा मी ओट्यावर पाहिलेला होता. मोठी माणसं सगळी एकमेकांकडे पाहत होती, आणि मी पुढे होऊन 'आहे गं' म्हणावं असं आनंदरावाच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण मला तरी कुठे दिसला होता?

मग तिनं शेजारच्या पेटीकडे पाहिलं. ती रिकामी होती. नवं बाळ येणार म्हणून कापूस अंथरून दिवा लावून ठेवलेला होता.

"सिस्टर, यात कोनी नाई?"

"नाही. का गं?"

"गाल जवळ न्याचा हाय. टेकवत नाई."

प्रमिलाबाई काही म्हणायच्या आत तिनं हात पाठीशी घट्ट धरून रिकाम्या पेटीवर वाकून गाल कापसाच्या वर धरला. डोळे मिटले. मग तशीच भावाच्या पेटीपाशी आली आणि तितक्याच उंचीवर गाल धरला. परत रिकाम्या पेटीकडे. परत इकडे. पाण्यानं धुतलेला गाल अजून ओलसर होता. वॉर्डमधल्या बाया उठून पाहू लागल्या.

"ही काय करते आहे?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"मोजते आहे," मी म्हटलं.

इकडे, तिकडे. शेवटी ती भावाच्या पेटीवर थांबली.

"दिवा दोन्हीवर सारखाच हाय," रुखमा म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "तिकडे निस्ती दिव्याची ऊब हाय. इथी दिव्याची हाय, अन्…" तिनं पुन्हा एकदा गाल वळवला. "अन् थोडी उरते. ओली ऊब हाय. येते, जाते."

"श्वास आहे तो," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्याही आता पेटीवर वाकल्या होत्या.

"जी उरते ती त्याची," रुखमानं आपल्याशीच म्हटलं. मग डोळे उघडले आणि बापाला सांगितलं, "बाबा, हाय. खरंच हाय."

आनंदराव भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

रुखमानं सिस्टरांची परवानगी विचारली आणि मग हात सोडवले. फ्रॉकखाली पोटाशी बांधलेली लाल कुंची तिनं ओढून काढली. घरभर शोधूनही का सापडली नाही ते आता कळलं.

"ऊन करून आणली हाय," ती म्हणाली.

सिस्टरांनी कुंची हातात घेतली. खरंच उबदार होती. "फार छान आहे. पण आधी उकळून, वाळवून घ्यावी लागेल. मग घालू."

"मंग ऊब जाईन."

"दिव्याखाली धरली की परत येईल."

"ते दिव्याची राहीन," रुखमा म्हणाली. प्रमिलाबाई खळखळून हसल्या, मग तोंडावर हात ठेवून गप्प झाल्या, कारण तो दांडगा तारा नुकताच झोपला होता.

अंधार पडायच्या सुमारास आम्ही रोहण्याला उतरलो. देवकाबाई दारातच उभ्या होत्या.

"पाह्यला का, माय? कसा हाय दिसाले? कोनावर गेला?"

"दिसला नाई," रुखमा म्हणाली. "पन हाय, आजी."

देवकाबाई गोंधळल्या आणि माझ्याकडे वळल्या. "गुरुजी?"

"मला नाही दिसला," मी म्हटलं. "रुखमानं शोधला. तिलेच विचारा."

त्यानंतर आनंदराव वर्ध्याला जाई त्या दिवशी रुखमा पुन्हा फलाटावर जाऊन उभी राहू लागली. गाडी थांबायच्या आधीच ती ओरडून विचारी, "बाबा, आज किती उरली?" तो बिचारा मोठा माणूस, पण दोन्ही पेट्यांवर गाल धरायला शिकला होता. पुढे शेजारच्या पेटीत बाळ आलं, तेव्हा प्रमिलाबाई आनंदरावासाठी क्षणभर दुसरी रिकामी पेटी सरकवून ठेवत. "परवापेक्षा जास्त," तो सांगे. किंवा, "तेवढीच." एकदा तो गाडीतून उतरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून म्हणाला, "आज कमी वाटली, माय. पोराचं अंग थंडं पडून राह्यलं. डाक्टर पाहून राह्यले." त्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर आली, पाटी न उघडता माझ्या शेजारी बसून राहिली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. पण पुढच्या खेपेला ती फलाटावर होतीच, आणि आनंदरावानं डब्याच्या दारातूनच हसत दोन्ही हात उंच हलवले.

होळीच्या आधी सुंदरा बाळाला घेऊन घरी आली. देवकाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि ओट्यावर सारी आळी जमा झाली. बाळाच्या डोक्यावर लाल कुंची होती. ती इतकी मोठी पडत होती की कपाळ, डोळे, नाक सगळं तिच्यातच बुडालं होतं आणि कुणालाच काही दिसत नव्हतं.

"अवं, कुंची वर तं कर, तोंड पाहू दे पोराचं," बाया म्हणू लागल्या.

सुंदरेनं हात लावला, तर रुखमा मध्ये आली.

"राहू द्या, झोपला हाय तो," ती म्हणाली आणि आपला गाल कुंचीच्या जरीजवळ नेऊन थोडा वेळ तसाच धरून राहिली. या वेळी तिनं बाजूला नेऊन पाहिला नाही.